बँडवाल्यांची नावे

ऊसतोडीला गेलेल्या टोळ्या परतल्या की आमच्या कड्यात लग्नांची घाई उडते. बीड जिल्ह्यातले, आष्टी तालुक्यातले हे गाव नगरच्या वाटेवर आहे. दाट तिथी असली की एकाच वेळी दोन-तीन परण्ये मारुतीच्या देवळाकडे निघतात आणि त्यातले बहुतेक आजकाल डीजेच्या गाडीमागे चाललेले असतात. खिडक्यांची तावदाने थरथरतात, पाळण्यातली पोरे दचकून उठतात, म्हातारी माणसे छातीला हात लावून आतल्या खोलीत जाऊन बसतात. एखाद्याच लग्नात लाल डगले घातलेला बँड दिसतो. तो दिसला की मी हातातले काम टाकून दारात उभा राहतो.

तुम्ही म्हणाल, बँडचे एवढे काय कौतुक? कुठे बेसूर, कुठे बेताल, आणि गाणी तीच ती. पण या बँडच्या मागे केवढी मोठी कथा आहे, ते एकदा पाहा तरी.

बीड जिल्हा 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होता. शेजारचे नगर (आता अहिल्यानगर) मात्र इंग्रजांकडे आणि तिथे फौजेची छावणी. छावणी म्हटली की पलटणीचा बँड आलाच. देशभर अशाच छावण्यांमधून आणि संस्थानिकांच्या दरबारांतून ट्रम्पेट, क्लॅरोनेट, युफोनियम ही वाद्ये हळूहळू गावोगावच्या वाजंत्र्यांच्या हाती गेली. पुढे मीरतच्या जली कोठीत ती बनू लागली. वाद्ये गोऱ्यांची, पण वाजवणारे ओठ आणि बोटे सनई-हलगीवर तयार झालेली! तिथेच सगळी गंमत आहे.

आमच्याकडच्या एका बँडमास्तरांपाशी मी गेली काही वर्षे अधूनमधून जाऊन बसतो. नवे गाणे आले की ते मोबाइलवर दहा वेळा ऐकतात आणि वहीत सारेगमने उतरवून काढतात. मग वाटणी. सनईत स्वर ओठाने वाकवता येतो. ट्रम्पेटला कळा तीनच, त्यावर स्वर पायरी-पायरीने उतरतो. म्हणून गाण्याचा मुखडा क्लॅरोनेटकडे, कारण भोकावरून बोट हळूच सरकवले तर थोडी मींड निघते. मधले ठसक्याचे तुकडे ट्रम्पेटांना, आणि खालचा भरणा युफोनियमचा. साइड ड्रमवर ठेका पलटणीचा. पण वरात वेशीत शिरली की हलगीवाला पुढे होतो. तत्पूर्वी त्याने कोपऱ्यात पाचट पेटवून हलगी शेकून घेतलेली असते. एका हातात जाड टिपरू, दुसऱ्या हातात बारीक काडी. त्या दोन काड्यांनी पलटणीच्या चालीचे पाऊल असे काही मोडते की मघाशी शिस्तीत चालणारे पाहुणे नाचायला लागतात.

पितळी वाद्यांची अशीच एक वरात दूर पश्चिम आफ्रिकेतही निघाली. आजच्या घानाला तेव्हा गोल्ड कोस्ट म्हणत. तिथल्या किल्ल्यांत इंग्रजांनी वेस्ट इंडीजच्या काळ्या पलटणी आणून ठेवल्या होत्या. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्यांच्या बँडने कवायतीबाहेर आपली गाणी वाजवली, ती ऐकून किनाऱ्यावरच्या पोरांनी त्याच वाद्यांवर आपले ठेके बसवले आणि पुढे त्यातून 'हायलाइफ' नावाचे संगीत उभे राहिले. ई. टी. मेन्सा हा त्याचा बादशहा. 1956 मध्ये अमेरिकेचा लुई आर्मस्ट्राँग अक्राला आला, तेव्हा तो या मेन्साबरोबर वाजवून गेला.

गिनी देशाची गोष्ट तर याहून नवलाची. 1958 मध्ये फ्रेंचांपासून सुटका झाली आणि सेकू तुरे यांच्या सरकारने परक्या धाटणीचे नाचगाण्याचे वाद्यवृंद मोडून टाकले. त्यांच्या जागी प्रांतोप्रांती नवे वाद्यवृंद उभे केले. वाद्ये सरकारची, पगार सरकारचा. अट एकच, संगीत आपल्या मातीतले हवे. बेला नावाच्या आडगावात 1961 साली 'बेंबेया जाझ' निघाला आणि 1966 मध्ये तो राष्ट्रीय वाद्यवृंद झाला. त्याचा गिटारवाला सेकू जाबाते हा ग्रिओंच्या घराण्यातला. ग्रिओ म्हणजे पिढीजात गाणारे-सांगणारे. आपले गोंधळी आणि शाहीर यांच्या मधले समजा. लाकडी पट्ट्यांखाली भोपळे बांधलेले त्यांचे बालाफोन हे वाद्य. त्याची चाल या पठ्ठ्याने विजेच्या गिटारवर आणली. फ्रेंचांशी लढलेल्या सामोरी तुरेवर या मंडळींनी अर्ध्या तासाहून लांब असे कवन रचले. ट्रम्पेट-सॅक्सोफोनच्या साथीने म्हटलेला अस्सल पोवाडाच तो!

ते मी मास्तरांना मोबाइलवर ऐकवले. डोळे मिटून त्यांनी सगळे ऐकले. मला वाटले, आता सुरांविषयी काही बोलतील. त्यांनी विचारले, यांची सुपारी कोण देतो?

सरकार देत होते, म्हटल्यावर ते बराच वेळ गप्प बसले. सरकारी पगाराबरोबर सरकारची आरतीही गावी लागे, हेही मी सांगितले. तुरे यांचा कारभार हुकूमशाहीचा होता. पण मास्तरांच्या मनातून तो पगार काही जाईना.

आपल्याकडे असे संगीत झाले नाही असे नाही. नगर जिल्ह्यातल्या पुणतांब्याचे सी. रामचंद्र यांनी 1951 च्या 'अलबेला'त जे केले ते दुसरे काय होते? त्यांचे साहाय्यक चिक चॉकलेट, म्हणजे गोव्यातल्या आल्दोन्याचे आंतोनियो वाझ, मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात ट्रम्पेट वाजवत. मराठी चाल आणि गोव्याचा ट्रम्पेट यांची ती सोयरीक साऱ्या देशाला नाचवून गेली. मात्र त्या काळच्या तबकड्यांवर संगीतकार आणि गायक तेवढे छापत, वाजवणाऱ्यांची नावे क्वचितच.

मग गावातल्या वाजंत्र्याला कोण विचारतो? हलगी पिढ्यान् पिढ्या मातंग समाजाच्या गळ्यात राहिली आणि वाजवणाऱ्याची जागा पंगतीबाहेर. बाबासाहेबांच्या चळवळीनंतर अनेक दलित कुटुंबांनी असले गावकीचे वाजवणे टाकून दिले, आणि योग्यच केले. मला वाटते, ज्यांनी वाजवणे धरून ठेवले त्यांना त्या लाल डगल्याने मोठा आधार दिला. डगला अंगावर चढला की माणूस गावकीचा राहत नाही. तो 'पार्टी' होतो, इसार घेऊन येतो, ठरलेल्या वेळेला वाजवतो आणि पैसे मोजून घेतो. तरी जेवायला त्याला सगळ्यात शेवटी बसवणारे यजमान मी आजही पाहतो.

त्यात आता डीजे. तो दोन पोरांत भागतो, बँडला बारा-पंधरा माणसे लागतात. रात्री दहानंतर ध्वनिवर्धक बंद ठेवण्याचा नियम 2000 सालापासून आहे, पण लग्नघरात तो आठवतो कोणाला! मास्तरांचे दोन ट्रम्पेटवाले आता सकाळच्या गाडीने नगरला कामाला जातात. 2022 मध्ये आष्टीपर्यंत रेल्वे आली, ती आमच्या कड्यावरूनच जाते.

गेल्या वैशाखात माझ्या पुतणीचे लग्न झाले. आमच्याकडच्या लग्नपत्रिका तुम्हाला ठाऊक आहेतच. चुलते, मामा, साडू, भाचे मिळून चाळीस-पन्नास नावे सहज होतात. पत्रिका लिहायचे काम माझ्याकडे होते. त्यात 'वाद्यवृंद' असा मथळा घालून मी मास्तरांसह अकरा जणांची नावे छापली, कोण काय वाजवतो त्यासकट. जागेअभावी दोन साडू गळाले आणि त्यांची समजूत काढता काढता नाकी नऊ आले. लग्नाच्या दोन दिवस आधी मास्तर घरी आले. मला वाटले, उरलेल्या पैशांचे बोलायला आले असतील. त्यांना आणखी वीस पत्रिका हव्या होत्या.