वाचकांनी रचलेली यादी : नांदेड-लातूर आणि मराठीतील क्वीअर पुस्तके

मराठी सार्वजनिक ग्रंथालयांत पुस्तके बहुधा वाङ्मयप्रकारानुसार लावलेली असतात; कादंबऱ्या एकीकडे, नाटके दुसरीकडे, आत्मचरित्रे तिसरीकडे, आणि अनुवादित कथा जिथे जागा असेल तिथे. क्वीअर साहित्याच्या वाचकाची अडचण या मांडणीपासूनच सुरू होते. क्वीअर ही संज्ञा येथे व्यापक अर्थाने घेतली आहे : समलिंगी आकर्षण असणारे स्त्री-पुरुष, दोन्ही लिंगांच्या व्यक्तींकडे ओढ असणारे, आणि जन्मावेळी नोंदलेले लिंग स्वतःचे न मानणारे पारलिंगी, या सर्वांच्या आयुष्याविषयीचे लेखन तिच्यात येते. विजय तेंडुलकरांचे 'मित्राची गोष्ट' नाटकांत, सचिन कुंडलकरांची 'कोबाल्ट ब्लू' आणि बिंदुमाधव खिरे यांची 'पार्टनर' कादंबऱ्यांत, लक्ष्मी नारायण त्रिपाठी यांचे 'मी हिजडा, मी लक्ष्मी' आत्मकथनांत, दिशा पिंकी शेख यांचा 'कुरूप' कवितांत, अशी ही पुस्तके विखुरलेली राहतात. आणि एखादा अपवाद सोडला तर शीर्षकावरून विषय कळत नसल्याने नाव आधी ठाऊक असल्याशिवाय ती हाती लागत नाहीत. त्यांना एकमेकांशेजारी आणण्याचे काम ग्रंथपालांपेक्षा वाचकांनीच अधिक केले आहे. एकाने वाचावे, दुसऱ्याला नाव सांगावे, दुसऱ्याने त्यात आणखी एका नावाची भर घालावी, अशी ही तोंडोतोंडी वाढत गेलेली यादी असून, कार्यालय, घटना वा पदाधिकारी नसले तरी या साहित्याची मराठीतील खरी संस्था तीच आहे.

या संस्थेचा एक पूर्वावतार र. धों. कर्वे यांच्या 'समाजस्वास्थ्य' मासिकात दिसतो. जुलै 1927 मध्ये सुरू झालेले हे मासिक कर्व्यांच्या निधनापर्यंत, म्हणजे 1953 पर्यंत चालले, आणि त्यात वाचकांनी विचारलेल्या लैंगिक प्रश्नांना संपादक स्वतः शास्त्रीय उत्तरे देत असत. हस्तमैथुन आणि समलिंगी संबंध यांविषयीच्या अशाच प्रश्नोत्तरांवरून 1934 मध्ये त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांचे वकील म्हणून उभे राहिले. खटला कर्वे हरले. तरीही शरमेमुळे ज्याला आपला प्रश्न घरात किंवा गावात विचारता येत नाही अशा माणसाने तो छापील पानावर विचारावा, आणि त्या उत्तरात अनोळखी वाचकांनाही आपले उत्तर सापडावे, ही रीत मराठीत रुजली ती या पानांतून. आंबेडकरांचे नाव ज्या मराठवाड्यात इतक्या आस्थेने घेतले जाते तेथे त्यांच्या वकिलीतील हा अध्याय अधिक ठळकपणे सांगितला जायला हवा.

मराठवाड्यात ग्रंथालयाला आणखी एक अर्थ होता. निजामी राजवटीत त्रेपन्न क्रमांकाच्या गश्तीने, म्हणजे सरकारी परिपत्रकाने, सार्वजनिक सभांवर निर्बंध घातले असताना वाचनालय ही लोकांनी एकत्र येण्याची मोजक्या जागांपैकी एक जागा होती. पुढे 1955 चा हैदराबाद राज्याचा आणि 1967 चा महाराष्ट्राचा सार्वजनिक ग्रंथालय कायदा आला, आणि त्यानंतर ग्रंथालयांचे अ, ब, क, ड असे वर्ग ठरून त्यांना शासकीय अनुदान मिळू लागले. पुस्तकांची निवड मात्र त्या त्या ग्रंथालयाच्या कार्यकारी मंडळाकडेच राहिली, आणि देवघेवीच्या नोंदीत पुस्तकापुढे सभासदाचे नाव लिहिणेही तसेच चालू राहिले. पुण्या-मुंबईत या नोंदीला फारसा अर्थ नसतो. उदगीर, देगलूर किंवा औशासारख्या गावात मात्र नोंद करणारा माणूस वडिलांच्या ओळखीचा निघतो, आणि ज्या तरुणाने आपल्याविषयी घरी अवाक्षरही काढलेले नाही त्याला असे पुस्तक मागणे म्हणजे न बोलता सगळे सांगून टाकणे वाटते. लातूरमध्ये तर परीक्षांच्या तयारीसाठी गाजलेल्या 'लातूर पॅटर्न'मुळे बाहेरगावाहून आलेली हजारो मुले भाड्याच्या खोल्यांत दाटीवाटीने राहतात आणि अभ्यासिकांमध्ये दिवस काढतात. तेथे कुणाच्या हातात कोणते पुस्तक आहे हे शेजारच्याला दिसतेच.

म्हणूनच या यादीतील सर्वांत महत्त्वाचे नाव नांदेडचेच असावे ही गोष्ट मोलाची आहे. 'ब्र' आणि एचआयव्हीबाधितांच्या जीवनावरील 'भिन्न' या कादंबऱ्यांच्या लेखिका कविता महाजन यांचा जन्म 1967 मध्ये नांदेड येथे झाला. इस्मत चुगताई यांच्या उर्दू कथांचा त्यांनी 'रजई' या नावाने मराठी अनुवाद केला, आणि त्याला साहित्य अकादमीचा 2011 चा अनुवाद पुरस्कार मिळाला. संग्रहाला जिच्यावरून नाव मिळाले ती 'लिहाफ' ही कथा 1942 मध्ये प्रसिद्ध झाली होती. नवाबाच्या वाड्यात दुर्लक्षित राहिलेली बेगमजान आणि तिची मोलकरीण रब्बो यांच्यातील जवळीक एका लहान मुलीच्या नजरेतून ती सांगते. मुलीला जे कळत नाही ते वाचकाला कळते, आणि एकही शब्द उघडा न वापरता कथा पूर्ण होते. लाहोरच्या न्यायालयात या कथेवर अश्लीलतेचा खटला चालला आणि चुगताई निर्दोष सुटल्या. आक्षेपार्ह म्हणून बोट ठेवावे असा शब्दच कथेत सापडत नव्हता. निजामाच्या राज्यात उच्च शिक्षणाची भाषा उर्दू होती आणि नांदेडमध्ये उर्दू वाचणारा मोठा वर्ग आजही आहे, त्यामुळे येथे ही कथा मुळातून वाचलेला माणूस आणि ती मराठीतून वाचलेली तरुणी एकाच गल्लीत राहत असण्याची शक्यता पुष्कळ आहे. त्या दोघांची या कथेवर चर्चा झाली तर ती मराठीतील कोणत्याही समीक्षालेखाहून श्रीमंत ठरेल. कविता महाजन यांचे निधन 27 सप्टेंबर 2018 रोजी झाले. त्याआधी तीनच आठवडे, 6 सप्टेंबरला, सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांमधील संमतीच्या समलिंगी संबंधांना, ते गुन्हा ठरवणाऱ्या कलम 377 मधून वगळले होते.

आज ही यादी प्रामुख्याने मोबाइलवर वाढते. वाचकांचे गट असतात, त्यांत मुखपृष्ठाचे छायाचित्र टाकले जाते, खरे नाव न देताही बोलता येते, आणि नांदेडहून सुमारे साडेचारशे किलोमीटरवरच्या पुण्यातील वाचक तेथे शेजारी बसल्यासारखा भेटतो. गटाने दिलेला हा आडोसा केवळ सोय नव्हे. ज्याला एकांतात वाचलेल्या पुस्तकाविषयी कुणाशीच बोलता येत नाही त्याचे वाचन अर्धेच राहते. मात्र चर्चा 'हे माझेच आहे' या ओळखीच्या आनंदावर थांबली तर पुस्तकावर अन्याय होतो. तेंडुलकरांचे 1981 मध्ये रंगभूमीवर आलेले नाटक मराठीत धाडसाचे होतेच, पण स्त्रीवर प्रेम करणाऱ्या मित्रा या नायिकेची कहाणी बापू हा पुरुष सांगतो आणि त्या कहाणीचा शेवट मित्राच्या आत्महत्येत होतो. नायिकेला जगण्याची वाट नाटककाराला दिसली नाही की त्या काळाने ती ठेवलीच नव्हती, यावर वाद व्हायला हवा. 'कोबाल्ट ब्लू'मध्ये (2006) एकाच पाहुण्या भाडेकरूवर प्रेम करणारे भाऊ आणि बहीण आपापली बाजू स्वतः सांगतात, तर तो भाडेकरू निनावीच राहतो. पंचवीस वर्षांत कथा सांगण्याचा अधिकार कुणाकडून कुणाकडे गेला हे या दोन कृती शेजारी ठेवल्यावर दिसते. राजन गवस यांची 'भंडारभोग' (1988) कोल्हापूर-बेळगाव सीमाभागातील जोगत्याची, म्हणजे यल्लम्मा देवीला वाहिलेल्या आणि स्त्रीवेशात जगावे लागणाऱ्या पुरुषाची आहे. यल्लम्मा ही रेणुकाच मानली जाते, आणि रेणुकेचे माहूर नांदेड जिल्ह्यातच असल्याने येथील वाचकाला या कादंबरीतील देवी परकी नाही. परंतु जोगता आणि आजच्या अर्थाने पारलिंगी व्यक्ती यांना एकच समजणे घाईचे ठरेल, कारण एकाच्या वाट्याला नवसाने आणि सक्तीने आलेले जगणे दुसऱ्याने स्वतः ओळखलेले असते.

पुस्तकावर अशी हुज्जत घालण्याची परंपरा नांदेडला नवी नाही. पीपल्स कॉलेजात शिकवणारे नरहर कुरुंदकर यांनी 'धार आणि काठ'मध्ये मराठी कादंबरीची जी परखड चिकित्सा केली तिच्यात लेखकाविषयीचा आदर आणि कठोर मतभेद एकत्र नांदतात. क्वीअर पुस्तकांनाही तेवढ्याच गांभीर्याची वागणूक मिळणे न्याय्य आहे, निव्वळ सहानुभूतीची नव्हे. त्यासाठी ती आधी गावात उपलब्ध असली पाहिजेत. महिन्याला ठरावीक वर्गणी काढून पुस्तके घेणारी पुस्तक भिशी, जिल्ह्याचा ग्रंथोत्सव आणि ग्रंथालयाची मागणी नोंदवही ही तीन साधने दोन्ही जिल्ह्यांतील वाचकांच्या आवाक्यात आहेत. मागणी नोंदवहीत पुस्तकाचे आणि लेखकाचे नाव पुरते, पुस्तक का हवे हे लिहिण्यासाठी तिच्यात रकाना नसतो. आणि ती मागणी प्राध्यापकाने, शिक्षिकेने किंवा कार्यकारी मंडळाच्या एखाद्या सदस्याने आपल्या नावाने नोंदवली, तर ज्याला ते पुस्तक सर्वांत जास्त हवे आहे त्याला स्वतःचे नाव लिहावे लागत नाही.