माणसाला शीतनिद्रा येईल का?

कायद्याने मृत ठरलेला देह उणे १९६ अंश सेल्सियसच्या द्रव नायट्रोजनात ठेवायचा आणि भविष्यातील वैद्यक त्यात प्राण फुंकील अशी आशा धरायची, या पद्धतीला क्रायोनिक्स म्हणतात. १९६७ साली अमेरिकेत जेम्स बेडफर्ड यांच्या देहापासून तिची सुरुवात झाली, परंतु असा जपलेला एकही माणूस अद्याप उठून बसलेला नाही. पेशींत बर्फाचे स्फटिक होऊ नयेत म्हणून रक्ताच्या जागी गोठणरोधक द्रावण भरतात खरे, पण ते द्रावण स्वतःच पेशींना विषारी ठरते.

जीव न जाऊ देता त्याची गती मंदावण्याची विद्या मात्र काही प्राण्यांना उपजतच आहे. अलास्कातील ध्रुवीय जमीनखारीचे तापमान शीतनिद्रेत उणे २.९ अंशांपर्यंत उतरते, हे ब्रायन बार्न्स यांनी १९८९ साली दाखवून दिले. एवढ्या थंडीतही तिचे रक्त गोठत नाही. दर दोन-तीन आठवड्यांनी ती स्वतःचे अंग तापवून नेहमीच्या उबेवर आणते, काही तासांनी पुन्हा थंडावते, आणि साठवलेल्या चरबीचा मोठा भाग या जागे होण्यातच खर्च होतो. मादागास्करमधील जाड शेपटीचा बुटका लेमूर तर माणसाच्याच प्राइमेट गणातला असून तोही महिनोन्‌महिने शीतनिद्रेत राहतो.

माणसाला बाहेरून थंड केले, तर शरीर कुडकुडून प्रतिकार करते आणि तापमान फार खाली गेल्यास हृदयाचा ताल बिघडतो. शीतनिद्रेत मात्र उष्णता कमी करण्याचा आदेश खुद्द मेंदूच देतो. जपानमधील त्सुकुबा विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२० साली उंदरांच्या हायपोथॅलॅमसमधील, म्हणजे तापमान व भूक यांचे नियमन करणाऱ्या मेंदूच्या भागातील, ठरावीक चेतापेशी उद्दीपित केल्या, तेव्हा त्यांचे तापमान व चयापचय दोन्ही घसरले. इतकेच नव्हे, तर एरवी कधीच अशी सुस्ती न धरणाऱ्या रॅट जातीच्या मोठ्या उंदरांतही तेच घडले. त्याआधी २००५ साली सिएटलमध्ये हायड्रोजन सल्फाइड वायूने उंदरांचे चयापचय मंदावले होते, पण मेंढ्यांसारख्या मोठ्या प्राण्यांत तो उपाय फसला. तेव्हा उंदरावरून माणसाबद्दल निष्कर्ष काढण्याची घाई न केलेली बरी.

शीतनिद्रेतही शरीर जळतच असते, केवळ हळू. त्यामुळे क्रायोनिक्सवाल्यांना हवी असलेली शतकांची प्रतीक्षा तिच्याने होणार नाही. रक्तस्रावाच्या रुग्णाला शस्त्रक्रियेपर्यंत तग धरता यावा एवढे काही तास तिने मिळवून दिले, तरी हे संशोधन सार्थकी लागेल.