वाघाच्या गळ्यातील बॅटरी

कलाशाखेच्या वार्षिकात बॅटरीवर लेख कशासाठी, असे कोणी विचारील. पण ही हकीकत एका वाघापासून सुरू होते आणि आपल्या गौताळ्यापाशी येऊन थांबते.

यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वर अभयारण्यात फेब्रुवारी २०१९ मध्ये एका तरुण वाघाच्या गळ्यात रेडिओ कॉलर बसविण्यात आली. शेते, कालवे, रस्ते ओलांडीत हा वाघ महाराष्ट्र व तेलंगणात ३,००० किलोमीटरहून अधिक भटकला आणि वर्षाअखेर बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात स्थिरावला. कॉलरने त्याची ५,००० हून अधिक ठिकाणे नोंदविली. एप्रिल २०२० मध्ये ती काढण्यात आली, तेव्हा बॅटरीची सुमारे ८० टक्के शक्ती संपली होती.

टॉर्चचे सेल आपण केव्हाही बदलतो. वाघाचे तसे नाही. त्याला पुन्हा शोधून भूल द्यावी लागते आणि त्यात त्याच्या जिवाला धोका असतो. मोठी बॅटरी बसवावी, तर मानेवरचे ओझे वाढते. तेव्हा आहे ती शक्ती पुरवून वापरणे एवढाच मार्ग उरतो.

ही शक्ती जाते कोठे? उपग्रहांचे संदेश ऐकून जागा ठरविण्यात आणि ती कळविण्यात. मधल्या वेळात यंत्र झोपविले, तर खर्च अगदी थोडा होतो. दर तासाला जागे केल्यास दिवसाला २४ नोंदी मिळतात; दर चार तासांनी केल्यास ६ मिळतात, पण बॅटरी कितीतरी अधिक दिवस टिकते. मात्र मधल्या चार तासांत वाघाने कोणता रस्ता ओलांडला, हे समजत नाही. म्हणून काही कॉलरींत हालचाल ओळखण्याची सोय असते. जनावर बसले की नोंदी कमी, चालू लागले की जास्त.

अशी अनेक यंत्रे एकमेकांशी बोलू लागली, की फिरते बिनतारी जाळे तयार होते. अमेरिकेतील प्रिन्स्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी २००४ साली केनियातील झेब्र्यांवर असा प्रयोग केला. रेडिओचा पल्ला दुप्पट करावयाचा, तर मोकळ्या जागेतही चौपट शक्ती लागते. म्हणून झेब्रे जवळ आले की त्यांच्या कॉलरी नोंदींची देवघेव करीत. मग संशोधकांना एकच झेब्रा जवळ भेटला, तरी इतरांची खबर मिळे. अर्थात निरोप्याचे काम सतत एकाकडेच राहिले, तर त्याचीच बॅटरी आधी संपते. अशा जाळ्यात ते आळीपाळीने वाटून द्यावे लागते.

२०२१ साली टिपेश्वरचाच दुसरा एक वाघ आपल्या गौताळ्यात आला. त्याच्या गळ्यात कॉलर नव्हती. कॅमेऱ्यात टिपलेल्या पट्ट्यांवरून त्याची ओळख पटली. तो कोठून निघाला आणि कोठे पोहोचला, हे समजले. मधली वाट मात्र त्याची त्यालाच ठाऊक. जी वाट आपल्याला माहीतच नाही, ती त्याच्यासाठी मोकळी तरी कशी राखणार? बॅटरीतील थेंब थेंब शक्ती वाचविण्याचा खटाटोप चालतो तो याचसाठी.