बाभळीच्या गावातला मधाचा नकाशा

यवतमाळ जिल्ह्यातल्या बाभुळगावच्या शिवारात ऑगस्टमध्ये कपाशीचं एखादं मोठं पान उलटून बघा. मधल्या जाड शिरेवर, देठापासून थोडं पुढे, टाचणीच्या डोक्याएवढा खळगा दिसेल. त्यात कधी कधी चिकट गोड रसाचा थेंब असतो. फूल उमललेलंही नसतं, पण मुंग्या तिथे जमलेल्या असतात आणि मधमाश्याही तो रस टिपतात.

गावात मधपेट्या आणण्याआधी नकाशा हवा तो असल्या नोंदींचा. आपली सातेरी माशी साधारण एक-दीड किलोमीटरपर्यंत चरायला जाते. दीड किलोमीटर त्रिज्येचं वर्तुळ आखलं, तर त्यात सुमारे ७०० हेक्टर रान येतं. त्या रानात कोणतं झाड कुठे आहे, किती आहे, कधी फुलतं, हे पायी फिरून लिहायचं. आणि ते मधुरस देतं की पराग, हे आवर्जून लिहायचं. गावाच्या नावातच असलेली बाभूळ पिवळ्या गोंड्यांनी भरली, की माश्यांची झुंबड उडते. पण त्यांना तिथे मिळतो तो मुख्यतः पराग, म्हणजे पिलांचं अन्न. नुसत्या बाभळी मोजून पेट्या ठेवल्या, तर मधाच्या चौकटी रित्याच राहतील. मधासाठी हिवाळ्याच्या तोंडावरची बोर आणि तूर, मग उन्हाळ्यातला कडुनिंब, जांभूळ आणि करंज यांच्याकडे बघावं लागतं.

मधातले परागकण सूक्ष्मदर्शकाखाली ओळखूनही वनस्पतींचा माग काढता येतो. बाभळीचे परागकण एकमेकांना चिकटून गोळ्यानं येतात, कपाशीचा कण मोठा आणि काटेरी. पण कपाशीच्या पानातून आलेल्या रसात पराग नसतोच! तो मध सूक्ष्मदर्शकाला आपलं मूळ सांगत नाही. म्हणून प्रयोगशाळा कितीही चांगली असली, तरी शिवारफेरी चुकत नाही.

नकाशावर फवारणीही हवी. २०१७ साली याच जिल्ह्यात कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले. ती औषधं माणसाला सोडत नाहीत, तिथे माशीचं काय? शिवाय काही आंतरप्रवाही कीटकनाशकं झाडाच्या रसात मिसळतात आणि मधुरसापर्यंत पोचतात. म्हणजे पानावरचा तो थेंबही बिनधोक नसतो.

म्हणून माझ्या मते वर्तुळातल्या प्रत्येक शेताच्या चौकोनात पिकाच्या नावाखाली फवारणीची तारीख लिहावी. ती तारीख मधपाळाला आदल्या दिवशीच कळवावी. मग माश्या परतल्यावर, अंधार पडला की, पेटीच्या दाराला जाळी लावता येते. हवा खेळती राहते आणि माश्या सकाळी त्या शेताकडे जात नाहीत.