बियाण्याची पिशवी आणि तांब्याची रेघ

जून जवळ आला की जालन्याच्या बाजारात बियाण्यांच्या पिशव्यांच्या थप्प्या लागतात. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये इथे ‘महिको’ सुरू केली आणि पुढे संकरित बियाण्यांसाठी जालन्याचे नाव देशभर झाले. संकरित वाणाचे नर-मादी पालक कोणते, हे कंपनी सांगत नाही. तेच तिचे भांडवल असते. पण पिशवीवर उगवणशक्ती, शुद्धता आणि चाचणीची तारीख छापलेली असावी लागते. शेतकऱ्यालाही वाणाची कुळी नको असते. पेरल्यावर काय उगवेल, एवढे कळले की त्याचे भागते.

काय झाकले तरी चालेल आणि काय सांगितलेच पाहिजे, याचा हा करार आहे. इलेक्ट्रॉनिक्सच्या क्षेत्रात असाच एक करार १९९३ पासून लिहिला जात आहे. तो आहे फाइलींच्या रचनेचा. त्यातला सर्वांत अवघड भाग चिपचा नव्हे, दोन चिपना जोडणाऱ्या वाटेचा निघाला.

चिपच्या आवरणातली वाट, बोर्डावरची तांब्याची रेघ, कनेक्टर, केबल या सगळ्याला मिळून इंटरकनेक्ट म्हणतात. आपण त्याला जोडमार्ग म्हणू. बोर्डावरच्या रेघेत सिग्नल एका नॅनोसेकंदात, म्हणजे सेकंदाच्या एक अब्जांश भागात, साधारण १५ सेंटिमीटर जातो. सेकंदाला १० अब्ज बिट पाठवायचे असतील, तर एका बिटाच्या वाट्याला येणाऱ्या वेळात सिग्नल जेमतेम दीड सेंटिमीटर सरकतो. म्हणजे १५ सेंटिमीटरच्या रेघेत एका वेळी दहा बिट एकामागोमाग धावत असतात. दोर खांबाला बांधून झटका दिला की लाट खांबापर्यंत जाऊन परत येते. तसाच सिग्नलही रेघेची रुंदी बदलते किंवा कनेक्टर येतो तिथून काही अंशी परत फिरतो. थोडा शेजारच्या रेघेत झिरपतो, थोडा वाटेत विरतो. हे सगळे बोर्ड तयार झाल्यावर कळले, तर बोर्ड टाकून नवा करावा लागतो. म्हणून अभियंते आधी संगणकावर त्याची नक्कल चालवून पाहतात. त्यासाठी प्रत्येक भागाची माहिती लागते, आणि एकेक भाग वेगळ्या कंपनीचा असतो.

अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठात १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला तयार झालेला ‘स्पाइस’ हा प्रोग्रॅम चिपच्या ट्रान्झिस्टरांची नक्कल करू शकत होता. पण त्यासाठी आतली रचना दुसऱ्याच्या हाती देणे, म्हणजे वाणाचे पालकच उघडे करणे. इंटेलच्या पुढाकाराने १९९३ मध्ये ‘आयबिस’ नावाची फाइल-रचना ठरली, ती या अडचणीतून वाट काढण्यासाठी. तिच्यात ट्रान्झिस्टर नसतात, तक्ते असतात. पिनवर अमुक व्होल्टेज असताना किती करंट वाहतो, सिग्नल किती वेगाने चढतो आणि उतरतो, हे सर्वसाधारण, किमान आणि कमाल अशा तीन रकान्यांत लिहिलेले असते. फाइल साध्या मजकुराची असल्याने कोणालाही उघडून वाचता येते. चिपचे वागणे कळते, कुळी झाकलेली राहते.

जोडमार्गाला मात्र सुरुवातीच्या आयबिसमध्ये फार थोडी जागा होती. चिपच्या आवरणातली वाट रेझिस्टन्स, इंडक्टन्स आणि कपॅसिटन्स अशा तीन आकड्यांत मांडली जाई. वेग वाढला तसे ते अपुरे पडू लागले. जोडमार्गांसाठी २००३ मध्ये एक स्वतंत्र प्रमाण लिहिले गेले, पण वापरणाऱ्यांमध्ये ते फारसे रुजले नाही.

प्रत्यक्षात अभियंत्यांच्या हातात होती ‘टचस्टोन’ फाइल. १९८० च्या दशकात ईईसॉफ कंपनीच्या याच नावाच्या सॉफ्टवेअरबरोबर ती आली. जोडमार्गाच्या प्रत्येक टोकाला तिच्यात पोर्ट म्हणतात. एका पोर्टातून लहर सोडली तर किती परत येते आणि दुसऱ्या पोर्टाशी किती पोचते, याचे वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सीचे आकडे तिच्यात असतात. आकडे प्रत्यक्ष मोजलेले असतील, तर विश्वासाचे. पण दोन पोर्टांच्या फाइलीत आकड्यांचा क्रम एक, आणि तीन किंवा अधिक पोर्टांच्या फाइलीत दुसरा. साध्या तारेत दोन्ही दिशांचे आकडे सारखेच असल्याने चूक लपून जाते. मध्ये अॅम्प्लिफायर असला की ती उघडी पडते. २००९ च्या दुसऱ्या आवृत्तीने दोन पोर्टांच्या फाइलीला आपला क्रम स्पष्ट लिहायला लावले.

याहून मोठी अडचण चार पोर्टांच्या फाइलीत आहे. तिच्यात दोन रेघा असतात. पहिल्या रेघेची टोके १ आणि २, की १ आणि ३? दोन्ही पद्धती रूढ आहेत आणि मूळ रचनेत हे सांगण्याची सक्तीची जागा नव्हती. कोणी शेरा लिहून ठेवतो, पण सॉफ्टवेअर शेरे वाचत नाही. जोडणी चुकली तरी संगणक तक्रार करत नाही; चुकीचे उत्तर निमूटपणे देऊन मोकळा होतो.

यावरचा उपाय आयबिसच्याच मंडळाने काढला. २०११ मध्ये जोडमार्ग सर्किटच्या रूपात लिहिण्याची सामाईक पद्धत ठरली. मग १८९ क्रमांकाच्या प्रस्तावावर बरीच चर्चा होऊन २०१९ च्या ७.० या आवृत्तीत जोडमार्गाला स्वतःची रीतसर जागा मिळाली. यात प्रत्येक टोक चिपमधल्या सर्किटशी जुळते, चिपच्या कडेशी की बाहेरच्या पिनशी, हे फाइलीतच लिहायचे असते. आतले आकडे टचस्टोनचे असोत वा सर्किटचे, जोडणीचा अंदाज बांधावा लागत नाही. एकमेकांच्या स्पर्धक असलेल्या कंपन्या एका टेबलाशी बसून एकेका शब्दावर वाद घालतात, म्हणून याला वर्षे लागतात. फाइल नियमात बसते का, हे तपासणारा प्रोग्रॅम मंडळ मोफत देते. बियाणे तपासणीच्या प्रयोगशाळेसारखेच त्याचे काम.

अनेक चिप कंपन्या आयबिस फाइली आपल्या संकेतस्थळावर खुल्या ठेवतात. त्यामुळे जालन्यातला पदविकेचा विद्यार्थी गुप्ततेच्या करारावर सही न करता तीच फाइल वाचू शकतो, जी मोठ्या कंपनीतला अभियंता वाचतो. रचना एखाद्या कंपनीच्या कुलपात असती, तर हे शक्य नव्हते.

अशी फाइल हाती आली, तर आकड्यांकडे वळण्याआधी तीन गोष्टी पाहाव्यात. कोणते पोर्ट कुठे जुळते? मोजणी किती फ्रिक्वेन्सीपर्यंत केली आहे? आकडे किती ओहमच्या संदर्भाने दिले आहेत? पैसे मोजण्यापूर्वी शेतकरीही पिशवी उलटी करून आधी तारीख वाचतोच.