पूर्णा खोऱ्यातील गळाची मासेमारी

पूर्णा खोऱ्यातील गळाची मासेमारी ही जालना जिल्ह्यातील पूर्णा नदी, तिच्या उपनद्या आणि त्यांवरील तलाव यांत काठी, दोरी व गळ यांच्या साहाय्याने मासे पकडण्याची पद्धत आहे. भोकरदन तालुक्यातील केदारखेडा हे पूर्णाकाठचे गाव या प्रदेशात येते. जाळ्याने होणारी मासेमारी प्रामुख्याने उपजीविकेसाठी असते. गळाची मासेमारी घरच्या कालवणापुरती किंवा छंद म्हणून केली जाते. या प्रदेशात गळाने पकडल्या जाणाऱ्या माशांमध्ये मरळ हा सर्वांत महत्त्वाचा मानला जातो.

गळाने एका वेळी एकच मासा लागतो आणि तो बहुधा जिवंत हाती येतो. त्यामुळे कोणता मासा ठेवायचा आणि कोणता सोडायचा, हे ठरवण्याची संधी मासेमाराला मिळते. पाणी कमी असलेल्या नदीत या निवडीला विशेष महत्त्व आहे.

नदी आणि डोह

पूर्णा नदी अजिंठ्याच्या डोंगररांगेत उगम पावते, जालना जिल्ह्यातून वाहत पुढे बुलढाणा, हिंगोली व परभणी जिल्ह्यांच्या प्रदेशात जाते आणि गोदावरीला मिळते. बुलढाणा जिल्ह्यात ती खडकपूर्णा या नावाने ओळखली जाते. गिरजा, केळना व जुई या तिच्या परिसरातील उपनद्या होत. जालना जिल्ह्यातील सरासरी वार्षिक पाऊस सुमारे ६५० ते ७५० मिलिमीटर असून त्यातील बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबर या काळात पडतो.

हिवाळा सरता सरता नदीचा प्रवाह तुटतो आणि पाणी ठिकठिकाणच्या डोहांत उरते. उन्हाळ्यात संपूर्ण पात्रातील मासे या थोड्या डोहांच्या आश्रयाला येतात. पुढच्या पावसाळ्यात नदीला पुन्हा मासे मिळतात ते याच डोहांतून. एखादा डोह आटला, विषारी झाला किंवा उपसला गेला, तर आजूबाजूच्या मोठ्या पट्ट्यातील माशांचे बीजच नष्ट होते. १९७२ आणि २०१२–१३ या वर्षांतील दुष्काळांत मराठवाड्यातील पाण्याचे साठे मोठ्या प्रमाणावर आटले होते.

मरळ

मरळ हा चन्ना या प्रजातीतील लांबट, दंडगोलाकार शरीराचा शिकारी मासा आहे. डोके सापासारखे चपटे असल्यामुळे इंग्रजीत त्याला ‘सर्पमुखी’ या अर्थाचे नाव आहे. गोड्या पाण्यातील बहुतेक माशांना पाण्यातील प्राणवायूवर अवलंबून राहावे लागते. मरळीच्या कल्ल्यांच्या वर मात्र हवेतून श्वास घेण्यासाठी एक जादा इंद्रिय असते. म्हणून ती ठरावीक वेळाने पृष्ठभागावर येऊन हवा घेते आणि आटत चाललेल्या, गढूळ, कोमट पाण्यातही तग धरते. चिखलाच्या ओलाव्यातही ती काही काळ जिवंत राहू शकते. अवर्षणप्रवण प्रदेशात हा मासा टिकून राहण्यामागे हे एक महत्त्वाचे कारण आहे.

मरळ उथळ, शेवाळाच्या व पाणवनस्पतींच्या कडेला दबा धरून बसते आणि बेडूक, लहान मासे, किडे यांवर झडप घालते. तिचा प्रजननकाळ मुख्यतः पावसाळ्यात असतो. नर व मादी वनस्पती बाजूला सारून पाण्यात मोकळी जागा करतात आणि तेथे तरंगणारी अंडी घातली जातात. अंडी फुटल्यावर लालसर-नारिंगी रंगाच्या शेकडो पिलांचा थवा एकत्र फिरतो. त्याच्याखाली आईबाप राखण करत असतात. श्वासासाठी पिले एकदम वर येतात, तेव्हा पाण्यावर पावसाचे थेंब पडल्यासारखी बारीक सळसळ दिसते.

ही सळसळ मासेमाराला मरळीचा अचूक ठावठिकाणा सांगते. राखण करणारी मरळ भुकेपोटी नव्हे, तर पिलांच्या रक्षणासाठी जवळ येणाऱ्या कोणत्याही वस्तूवर तुटून पडते. त्यामुळे या काळात ती सहज गळाला लागते. मात्र ती काढून घेतल्यास उघड्यावर पडलेली पिले इतर माशांच्या व पक्ष्यांच्या भक्ष्यस्थानी पडतात. एक मासा हाती येतो आणि एक पूर्ण वीण जाते.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

गळाच्या मासेमारीचे सविस्तर वर्णन ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात आढळते. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने हा ग्रंथ इसवी सनाच्या बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात रचला. आजच्या मराठवाड्याचा मोठा भाग त्या राजवटीच्या प्रभावक्षेत्रात होता. ग्रंथातील ‘मत्स्यविनोद’ या प्रकरणात माशांचे प्रकार, त्यांना आवडणारे खाद्य, काठी व दोरी आणि गळ टाकण्याची रीत यांची माहिती आहे. मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी विसाव्या शतकाच्या मध्यास या प्रकरणाकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले. गळाच्या मासेमारीवरील सर्वांत जुने मुद्रित इंग्रजी लेखन १४९६ सालचे आहे. मानसोल्लास त्यापूर्वी साडेतीनशेहून अधिक वर्षे रचला गेला.

ब्रिटिश काळात कर्नल विल्यम साइक्स यांनी दख्खनमधील माशांची शास्त्रीय नोंद केली. दख्खनी महसीर या माशाचे वर्णन त्यांनी १८३९ साली केले. हेन्री सलिव्हन थॉमस यांचे भारतातील गळाच्या मासेमारीवरील इंग्रजी पुस्तक १८७३ साली प्रसिद्ध झाले.

मराठी भाषेतही या साधनाचा ठसा आहे. ‘गळ टाकणे’, ‘गळाला लागणे’, ‘आमिष दाखवणे’ हे वाक्प्रचार मासेमारीतूनच आलेले आहेत. संस्कृतमध्ये गळाला ‘बडिश’ असा शब्द आहे.

साधने

पारंपरिक साधन म्हणजे वेळूची किंवा बांबूची लवचीक काठी, तिच्या टोकाला बांधलेला तंगूस (नायलॉनची दोरी), दोरीवर तरंगणारा बुचाचा तुकडा, शिशाचे छोटे वजन आणि शेवटी गळ. गळाच्या टोकाजवळील उलट्या काट्यामुळे अडकलेला मासा सहज सुटत नाही.

आधुनिक साधनांत तंतुकाचेचा किंवा कार्बनचा रॉड व दोरी गुंडाळणारे रीळ यांचा समावेश होतो. मरळीसाठी साधारण सहा ते सात फुटांचा, मजबूत कण्याचा रॉड वापरतात. रिळावरील दोरीचा ताण कमी-अधिक करता येतो, त्यामुळे मोठ्या माशाने जोर केला तरी दोरी तुटण्याऐवजी थोडी सुटत जाते. पाणवनस्पतींतून मासा ओढून काढावा लागत असल्याने मरळीसाठी विणलेली, ताणाला न वाढणारी दोरी सोयीची ठरते.

गांडूळ, कणकेचा गोळा, शेंगदाण्याची पेंड, झिंगा व लहान मासे ही नैसर्गिक आमिषे होत. पूर्वी मरळीसाठी जिवंत बेडूक लावण्याची रीत होती. बेडूक शेतातील किडींवर जगतो. त्याच्या पायांच्या निर्यातीवर भारताने १९८७ साली बंदी घातली. आता बेडकाच्या जागी पोकळ रबरी बेडूक वापरता येतो. त्याचे दोन्ही गळ वर वळलेले व अंगाला चिकटलेले असतात, म्हणून तो शेवाळावरून न अडकता सरकतो. मासा चावला की रबर दबते आणि गळ उघडे पडतात.

असे कृत्रिम बेडूक उत्तर अमेरिकेतील बास या माशाच्या मासेमारीतही मोठ्या प्रमाणावर वापरले जातात. बास आणि मरळ हे एकमेकांचे जवळचे आप्त नाहीत. तथापि दोघेही वनस्पतींच्या आडून झडप घालणारे शिकारी असल्यामुळे एकासाठीची साधने दुसऱ्यालाही लागू पडतात.

पद्धती

बुडता गळ: वजनामुळे आमिष तळाशी जाते. शिंगाळा, वाम यांसारखे तळाशी वावरणारे मासे या पद्धतीने मिळतात. आमिष म्हणून गांडूळ लावतात. संध्याकाळची व पहाटेची वेळ अनुकूल असते.

तरता गळ: बुचामुळे आमिष ठरावीक खोलीवर लोंबते. रोहू, मृगळ व चिलापी यांच्यासाठी कणकेचा गोळा लावतात. बूच थरथरल्यावर लगेच झटका न देता ते खाली ओढले जाईपर्यंत थांबतात.

ओढता गळ: ही मरळीची पद्धत होय. रबरी बेडूक वनस्पतींच्या पलीकडे फेकून, थांबत थांबत पृष्ठभागावरून ओढत आणतात. पाणी उसळले तरी तत्काळ झटका दिल्यास बेडूक माशाच्या तोंडातून निसटतो. क्षणभर थांबून, दोरीला ओढ जाणवल्यावर जोराचा झटका देतात आणि मासा वनस्पतींत शिरण्यापूर्वी काठाकडे आणतात.

रात्रीचा गळ: गळ लावून काठावर बांधून ठेवतात व सकाळी पाहतात. यात मासा रात्रभर अडकून राहतो आणि अनेकदा मरतो. लहान मासा किंवा अंड्यांनी भरलेली मादी सोडण्याची शक्यता उरत नाही, त्यामुळे छंद म्हणून मासेमारी करणारे बहुधा ही पद्धत टाळतात.

काठावरील संकेत

गळाच्या मासेमारीचे लिखित नियम गावोगावी नसतात. सोबत बसणाऱ्यांच्या सवयीतून संकेत घडतात. आधी बसलेल्याच्या गळासमोर दुसऱ्याने गळ टाकू नये, काठावर पाय आपटू नयेत व सावली पाण्यावर पडू देऊ नये, ही पहिली शिस्त. एखाद्याला मोठा मासा लागला की शेजारी आपापल्या दोऱ्या आवरून घेतात, जेणेकरून गुंता होऊ नये, आणि कोणीतरी मासा उचलण्यासाठी हातजाळी घेऊन पुढे होतो. गळ तुटला तर दुसरा देणे, उरलेली गांडुळे नव्या आलेल्याला देणे, रिकाम्या हाताने परतणाऱ्याला आपल्यातला एखादा मासा देणे, हे या सोबतीचे नेहमीचे व्यवहार होत. नवशिक्याला गाठ बांधायला व पाणी वाचायला शिकवले जाते तेही याच काठावर.

सुरक्षितता हाही या सोबतीचा भाग आहे. डोहाची खोली वरून समजत नाही आणि पावसाळ्यात वरच्या भागातील पावसाने पाणी अचानक वाढते. म्हणून एकट्याने जाणे टाळतात. कार्बनच्या रॉडमधून वीज वाहते, त्यामुळे विजेच्या तारांखाली किंवा गडगडाटात तो वापरणे धोक्याचे असते.

नदीकाठच्या भोई समाजासह पारंपरिक मच्छीमारांचे पोट मासेमारीवर चालते. तलावांतील मासेमारीचा हक्क बहुधा मच्छीमार सहकारी संस्थांना ठेक्याने दिलेला असतो. अशा ठिकाणी गळ टाकण्यापूर्वी संस्थेची परवानगी घेणे आणि लावलेल्या जाळ्यांपासून दूर राहणे आवश्यक ठरते.

मासा सोडण्याची पद्धत

सोडायचा मासा कोरड्या हाताने धरल्यास त्याच्या अंगावरील संरक्षक बुळबुळीत थर निघून जातो. म्हणून हात ओले करतात. मासा आडवा धरतात, पकडीने गळ काढतात आणि तो पाण्यात स्थिर होईपर्यंत आधार देतात. गळाचा उलटा काटा आधीच दाबून टाकल्यास इजा कमी होते. मरळ हवेत श्वास घेत असली, तरी तापलेल्या खडकावर ठेवल्यास तिला इजा होतेच.

अमेरिकेतील बास मासेमारांची संघटना उभारणाऱ्या रे स्कॉट यांनी १९७२ साली स्पर्धांमध्ये मासे जिवंत सोडण्याचा पायंडा पाडला. बासचा नरही घरट्याची व पिलांची राखण करतो. कॅनडातील ऑन्टॅरिओ प्रांताच्या बऱ्याच भागांत म्हणूनच विणीच्या काळात बासच्या मासेमारीला बंदी असते. मरळीच्या बाबतीतही हाच विचार लागू होतो: पिलांचा थवा दिसला की तेथे गळ न टाकणे.

संवर्धन

नदीतील माशांना गळापेक्षा कितीतरी मोठे धोके इतर कारणांनी आहेत. पाण्यात विष कालवणे किंवा स्फोटके वापरणे यांमुळे डोहातील लहानमोठे सर्व जीव एकदम मरतात. १८९७ च्या भारतीय मत्स्य अधिनियमाने हे दोन्ही प्रकार गुन्हा ठरवले. वाळूच्या उपशाने पात्राची रचना बदलते, पाणी गढूळ होते आणि वाळूत मुरून राहणारे पाणी कमी होते. मूळची आफ्रिकेतील व १९५२ साली भारतात आणलेली चिलापी झपाट्याने वाढते व स्थानिक माशांच्या खाद्यावर आणि जागेवर ताण आणते.

डोह राखण्याची परंपरा महाराष्ट्रात जुनी आहे. रायगड जिल्ह्याच्या महाड तालुक्यातील वाळणकोंड येथे काळ नदीच्या डोहातील महसीर देवीचे मासे मानले जातात आणि पकडले जात नाहीत. लोणावळ्याजवळील वळवण येथे टाटा समूहाच्या वीज कंपनीने १९७० च्या दशकापासून महसीरची पिले वाढवण्याचे काम चालवले, मत्स्यतज्ज्ञ चं. वि. कुलकर्णी यांचे दख्खनी महसीरच्या प्रजननावरील संशोधन त्याला आधारभूत ठरले.

मरळीसाठी मात्र उबवणी केंद्रापेक्षा सोपा उपाय काठावरच उपलब्ध आहे. उन्हाळ्यात एखादा डोह न उपसता ठेवणे आणि पावसाळ्यात राखण करणाऱ्या जोडीला हात न लावणे, एवढ्यावर पुढील वर्षीची मासेमारी बरीचशी अवलंबून असते.