मीटरच्या पोटातला गाळ

नळाचा मीटर पळतो अशी तक्रार आली की जाणता प्लंबर आधी बिल पाहत नाही. तो कपलिंग सोडवतो आणि मीटरच्या तोंडातली जाळी बाहेर काढतो. तिच्यात वाळू, गंजाचे पापुद्रे, टेफ्लॉन टेपचे तुकडे, कधी शेवाळ. निम्म्या तक्रारी तिथेच समजतात.

पंधरा मिलिमीटरच्या घरगुती मीटरमध्ये समजायला अवघड असं काही नाही. पितळी किंवा प्लॅस्टिकच्या कवचात एक छोटं भांडं बसवलेलं असतं आणि त्याच्या कडेला तिरपी भोकं असतात. त्यांतून येणाऱ्या धारा मधल्या पंख्यावर आदळतात. पंख्याच्या फेऱ्या चुंबकामार्फत काचेखालच्या कोरड्या चक्रांपर्यंत पोचतात आणि आकडे सरकतात. पाण्याचा हिशेब म्हणजे या फेऱ्यांचा हिशेब. पंख्याच्या टोकाशी कचरा अडकला की फेऱ्या घटतात आणि बिल कमी येतं, त्यामुळे कुणी ओरडत नाही. पण निम्मी भोकं बुजली, तर उरलेल्यांतून पाणी जोरात येतं आणि मीटर जास्तही दाखवतो. मग मात्र गल्लीभर बोभाटा होतो.

‘ब’ वर्गाच्या नेहमीच्या मीटरकडून ताशी ३० ते १२० लिटरच्या प्रवाहाला पाच टक्क्यांपर्यंत आणि त्याच्या पुढे दोन टक्क्यांपर्यंत चूक चालवून घेतात. ताशी तीस लिटरच्या खाली काही हमी नाही. थेंब थेंब गळणारा नळ किंवा टाकीचा बॉल व्हॉल्व्ह बंद होत आला असताना येणारी बारीक धार बऱ्याचदा मोजलीच जात नाही. मीटर तिरका बसवला, तर पंख्याच्या टेकूवरचं घर्षण वाढतं आणि हा बारीक प्रवाह आणखीच निसटतो. म्हणून मीटर आडवा, काच वर आणि कवचावरचा बाण पाण्याच्या दिशेने असावा. बाण उलटा ठेवून बसवलेले मीटरही सापडतात!

नव्या लाइनवरचा मीटर बिघडतो तो बहुधा बसवला त्याच दिवशी. जीआय पाइपला आटे पाडताना लोखंडाचा कीस पडतो, चर खणताना पाइपच्या तोंडात माती जाते. म्हणून मीटरच्या जागी आधी तेवढ्याच लांबीचा पाइपचा तुकडा जोडून लाइन धुवायची आणि स्वच्छ पाणी येऊ लागल्यावरच मीटर चढवायचा. हे काम थोड्या वेळाचं असतं, पण ठेकेदाराला मीटरमागे पैसे मिळत असतील तर तेवढा वेळही जड जातो. दाब कमी येतो म्हणून जाळीच फोडून टाकणारे तर या धंद्याला शापच.

मोठ्या जलवाहिन्यांवर बहुधा पंख्याचा मीटर नसतो. तिथे विद्युतचुंबकीय मीटर असतो. मायकेल फॅरेडेने १८३२ मध्ये लंडनच्या वॉटर्लू पुलावरून थेम्सच्या पाण्यात तारा सोडून पृथ्वीच्या चुंबकक्षेत्रातून वाहताना पाणी वीज निर्माण करतं का, हे पाहिलं. तो प्रयोग फसला, पण तत्त्व खरं निघालं आणि हा मीटर त्यावरच चालतो. या मीटरच्या वाटेत फिरणारा भाग नसल्याने गाळ त्याला अडवू शकत नाही. तरी इलेक्ट्रोडवर क्षार साचतातच. शिवाय इलेक्ट्रोड वर-खाली आले, तर वरच्यावर हवा आणि खालच्यावर गाळ जमतो, म्हणून ते बाजूला, आडव्या रेषेत ठेवतात. मीटरच्या आधी साधारण पाच व्यासांएवढा सरळ पाइप लागतो आणि पाइप कायम भरलेला असावा लागतो.

घरगुती मीटरची खरी अडचणही या ‘कायम भरलेला’मध्येच आहे. आपल्या बहुतेक शहरांत पाणी ठरावीक वेळी येतं. वेळ झाली की आधी पाइपातली कोंडलेली हवा सुटते आणि तीच पंखा गरगर फिरवते. पाणी मोजायला बसवलेलं यंत्र वारा मोजू लागतं. पाणी गेल्यावर याच्या उलट होतं. लाइन रिकामी होताना आत ओढ निर्माण होते आणि कुणी थेट लाइनला मोटर लावली असेल तर ती आणखी वाढते. मीटरचा चेंबर गटाराच्या कडेला असेल, त्यात सांडपाणी साचलं असेल आणि कपलिंगचं वायसर झिजलं असेल, तर ते पाणी पाइपात शिरतं. पाणी आत असताना बाहेर ठिबकणारा सांधा, पाणी गेल्यावर बाहेरची घाण आत घेतो. पावसाळ्यात एखाद्याच गल्लीत जुलाबाची साथ पसरते तेव्हा असे सांधे तपासण्याजोगे असतात. नॉन रिटर्न व्हॉल्व्हमुळे घरातलं पाणी मुख्य लाइनीत उलट जाणं थांबतं, पण सैल सांध्यातून आत शिरणारं पाणी त्याने थांबत नाही. ते थांबवायला चेंबर कोरडा आणि उंच हवा, मीटर बदलताना नवं वायसर हवं आणि काम झाल्यावर लाइन धुऊन नळाशी लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरतं का, ते पाहायला हवं.

पाइप चोवीस तास भरलेला राहिला, तर हवाही कोंडत नाही आणि ओढही निर्माण होत नाही. कराडला लागून असलेल्या मलकापुरात मीटर आणि चोवीस तास पाणी ही एकाच योजनेची दोन अंगं होती. इतरत्र मात्र मीटर आधी येतो आणि पाण्याचं पुढे बघू, असं सांगितलं जातं. मग लोक मीटरवर चिडले, तर त्यांना अडाणी ठरवणं मला तरी पटत नाही.